जयगडच्या खाडीत सोडलेला दोर

भाई,

तू गेल्यापासून घरी भेटायला येणारे सगळे तुझ्या जहाजांबद्दल बोलतात. कुठल्या बंदरात गेला होतास, किती वर्षं सारंग होतास, किती खलाशी हाताखाली होते. मी पडवीत बसून ऐकते आणि मान हलवते. त्यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. मला आठवतोस तो मिऱ्याच्या किनाऱ्यावर, दुखरा गुडघा लांब करून बसलेला, नव्या होडीच्या फळ्यांना तेल पाजणारा तू.

येणारा-जाणारा थांबायचा. "काय सारंग, मासेमारीची काय होडी?"

"नाय."

"मग माल भरायची?"

"नाय."

"मग?"

"फिरायची," तू म्हणायचास, आणि फडकं पुन्हा तेलात बुडवायचास.

याच्या डोक्याला जहाजावर ऊन लागलेलं दिसतं, अशा चेहऱ्याने माणूस निघून जायचा. बावीस फुटांची होडी, एक डोलकाठी, एक शीड, पुढच्या बाजूला दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी झाकलेली खोली, इंजिन नाही. परदेशातल्या बंदरांत असल्या होड्यांवर नवरा-बायको महिनोन् महिने राहतात, एकांकडे तर मांजरही होतं, हे तू आम्हाला इतक्यांदा सांगितलंस की वहिनी त्या मांजराला नावाने ओळखायला लागली होती. पण वहिनीला धक्क्यावरून पाण्याकडे नुसतं बघितलं तरी मळमळायचं. म्हणून माझी नेमणूक झाली. मी चौतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, लग्नाचा विषय निघाला की उठून आत जाणारी. तू म्हणालास, "शाले, तुझी जीभ चालते तेवढे हात चालतात का बघू." होडीचं नाव पाकोळी ठेवलंस ते मात्र मला विचारून.

तुझी जुनी खाकी पँट कमरेला सुतळीने बांधून मी पहिल्यांदा होडीत चढले, तेव्हा मिऱ्यावरच्या बायका हसल्या. तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. सबंध सकाळ तू मला शीड उघडू दिलं नाहीस. फक्त नांगर. टाकायचा, धरला की नाही बघायचा, उचलायचा, पुन्हा टाकायचा. अकराव्यांदा माझ्या तळहाताची साल निघाली तेव्हा मी ओरडले, "आपण फिरायला निघालोय की विहीर खणायला?"

"फिरणं कुणालाही जमतं गो," तू म्हणालास. "थांबणं शिक आधी."

आणि तू शिकवलंस. नांगर फेकायचा नाही, हळू खाली ठेवायचा आणि होडी मागे सरकू लागली की दोर सोडत जायचं. नांगर त्याच्या वजनाने धरत नाही. दोर आडवा ताणला गेला की तो चिखलात घुसतो, म्हणून दोर लांब हवा. साध्या दिवशी पाण्याच्या खोलीच्या चौपट, वारा वाढला की सातपट, आणि खोली धरायची ती भरतीची, ओहोटीची नाही. दोर आपण वावांत मोजत होतो, दोन्ही हात पसरून. तुझे हात लांब, माझे आखूड, त्यामुळे तुझे वीस वाव ते माझे तेवीस व्हायचे आणि त्यावरून आपण दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी बघते तर तू दोरावर चिंध्यांच्या खुणा बांधल्या होत्यास, माझ्या हाताच्या मापाने. मी कारण विचारलं तर म्हणालास, "दोर सोडणार तू. तुझ्या मापानेच हवा."

किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेवायला तू शिकवलंस, त्या हलल्या तर होडी सरकली. आणि डोळ्यांना काही दिसेनासं झालं तर दोरावर हात ठेवायचा. "धरलेला नांगर नुसता ताणतो. सुटलेला थरथरतो. फरक हाताला कळतो."

शाळेत मी फळ्यावर मोसमी वाऱ्यांचे बाण काढायचे. त्या वर्षापासून ते बाण काढताना माझ्या तळहाताला काहीतरी जाणवायला लागलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू फुगला असतास.

त्या मे महिन्यात आपण हर्णैपर्यंत जायचं म्हणून निघालो. मुंबईच्या गिरण्या संपात बंद पडलेल्या होत्या आणि गावोगावची माणसं गाठोडी घेऊन घरी परतली होती. वहिनीने डबे भरून दिले, लाडू वेगळे, चटणी वेगळी, आणि धक्क्यावर उभं न राहता पाठ फिरवून घरी गेली. पहिला मुक्काम जयगडच्या खाडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्टोव्हवर चहा ठेवलास आणि बाहेर डोकावून आकाशाकडे बघत राहिलास. चहा उतू गेला तरी तुझं लक्ष नव्हतं. बंदरावर धोक्याचा बावटा चढवत होते.

किल्ल्याच्या खाली, दक्षिणेच्या कडेला आपण नांगरलेलो होतो. वारा दक्षिणेचा, मध्ये डोंगर, पाणी शांत. तू शीड सोडून गुंडाळलंस, वरचं आडवं लाकूड खाली घेतलंस, वाऱ्याला पकडायला म्हणून काही वर ठेवलं नाहीस. दोर वाढवलास. दुसरा नांगर, तो मोठा, मिरजोळ्याच्या कारखान्यात तू स्वतः उभा राहून करून घेतलेला, तो दोरासकट पुढे तयार ठेवलास. मी म्हटलं, तयार कशाला ठेवतोस, टाक की.

"नको."

"दोन असताना एकावर का राहायचं?"

"इथे पाणी सहा तासांनी फिरतं. होडी नांगराभोवती गिरकी घेणार. दोन दोर टाकलेस तर त्यांची वेणी होईल, आणि वेळेला एकही सोडवता येणार नाही."

"आणि हा एक सुटला तर?"

"सुटला तर बघू."

"तेव्हा बघायला वेळ मिळेल का?"

"शालू, जहाजावर कोण होतं, तू की मी?"

मी गप्प बसले ते पटलं म्हणून नाही. पुढची सात वर्षं जेवताना, भांडी घासताना, एस.टी.त, आपण हाच वाद घालत राहिलो. अजूनही मला वाटतं माझं बरोबर होतं. आणि अजूनही मला माहीत आहे की वेणी झालीच असती.

दहाच्या सुमाराला वारा फिरला. दक्षिणेचा पश्चिमेला गेला आणि तिथे न थांबता वायव्येला. आता आडोशाला डोंगर राहिला नाही. खाडीच्या तोंडातून लाटा सरळ आपल्यावर यायला लागल्या, आणि जो किनारा सकाळी आपल्याला जपत होता तो आता आपल्या पाठीमागे होता, शंभरेक वावांवर, काळी खडपं आणि त्यांच्यावर फुटणारं पांढरं पाणी. तू होता नव्हता तेवढा दोर सोडायला पुढे गेलास. होडीने मान वर केली, दोर एकदम ताणला, आणि तू ओरडला नाहीस, फक्त खाली बसलास. डाव्या हाताची दोन बोटं दोर आणि खुंटा यांच्यामध्ये सापडली होती.

मी तुझ्या हाताला पंचा बांधला. तू माझ्याकडे न बघता किनाऱ्याकडे बघत होतास. "आता तू पुढे जा," तू म्हणालास. "मी सुकाणूवर बसतो. दोर जिथे लाकडाला घासतो तिथे गोणपाट गुंडाळ. आणि थोड्या थोड्या वेळाने वीतभर सोडत जा, म्हणजे एकाच जागी झिजणार नाय."

मी रांगत पुढे गेले. पाऊस आडवा येत होता. मी खुंट्याला मिठी मारून बसले, गोणपाट गुंडाळलं, आणि किल्ल्याचा बुरूज नि त्याच्या अलीकडचा वाकडा माड एका रेषेत धरून ठेवले. थोडा वेळ ते जागचे हलले नाहीत. मग माड बुरुजापासून सुटा झाला. मी दोरावर हात ठेवला. तो थरथरत होता.

"भाई, सुटला!"

"मोठा टाक! मी होडी बाजूला घेतो, सांगेन तेव्हा!"

तू एका हाताने आणि छातीने सुकाणू रेटलंस. होडी डावीकडे सरकत गेली, गेली, आणि तू म्हणालास, "आता." तो नांगर मी एरवी उचलूही शकत नव्हते. त्या क्षणी तो माझ्या हातून पाण्यात कसा गेला ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मी तो फेकला नाही, ठेवला. दोर सोडत गेले, चिंध्या मोजत गेले, माझ्या मापाच्या. खुंट्याला वेढे दिले. होडी मागे गेली, थांबली, पुन्हा मागे गेली आणि थांबली. माड बुरुजापासून दोन हात लांब होता आणि तिथेच राहिला. मागे वळून बघितलं तर तू हसत होतास. पंचा लाल झाला होता आणि तू हसत होतास. "बघ," मी ओरडले, "दोन हवेच होते!" "सकाळीच टाकले असतेस तर वेणी झाली असती!" तू ओरडलास.

इथपर्यंतची गोष्ट तू सगळ्यांना सांगायचास. आलेल्या पाहुण्यांना, माझ्या शाळेतल्या बाईंना, अगदी औषधाच्या दुकानातही. यापुढचीही सांगायचास, पण ती तशी झाली नव्हती.

बाराच्या सुमाराला ती मासेमारीची होडी आली. शीड फाटून चिंध्या झालेलं, डोलकाठी मोडलेली, समुद्राकडून वाहत आपल्याच दिशेने. आत दोन माणसं. एक उभा, हातात दोराचं वेटोळं. दुसरा खाली बसून कडेला घट्ट धरून राहिलेला. ती आपल्या पुढून इतक्या जवळून गेली की त्या उभ्या माणसाच्या दाढीतलं पाणी मला दिसलं. त्याने दोर फेकला. चांगला फेकला. तो माझ्या मांडीवर पडला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला.

भाई, मी धरला होता. तू सांगायचास की लाट आली आणि शालूच्या हाताला लागलाच नाही. लाट आली नव्हती. दोर माझ्या हातात होता, खुंटा समोर होता, दोन वेढे द्यायचे होते. मी आपल्या दोन दोरांकडे बघितलं. आत्ताच कसेबसे धरलेत, यांच्यावर आणखी एक होडी लटकली तर दोन्ही सुटतील. तुझा एक हात गेलेला. तू पोहू शकणार नाहीस. एवढं सगळं मनात यायला किती वेळ लागतो? मी हात उघडले. दोर माझ्या मांडीवरून घसरत गेला. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं, आणि ती होडी आपल्या कडेने मागे गेली, खडपांकडे.

मी मागे वळायला घाबरत होते. तेवढ्यात तुझा आवाज आला. ओरडलेला नाही. मिऱ्याला शिकवताना असायचा तसाच.

"शालू, शिडाचे दोर एकमेकांना बांध. टोकाला रॉकेलचा रिकामा डबा."

त्या आवाजात राग असता तर मी तिथेच बसून राहिले असते, हे मला पक्कं माहीत आहे. मी रांगत मागे आले. तुला एका हाताने गाठ मारता येत नव्हती. मी तीन दोर जोडले, प्रत्येक गाठ तू गुडघ्याने दाबून बघितलीस. त्या माणसांनी स्वतःचा दगडी नांगर टाकला होता, तो तळ खरवडत होता, त्यामुळे त्यांची होडी हळू सरकत होती, नाहीतर वेळच उरला नसता. डबा पाण्यात सोडला. वारा त्यांच्याच दिशेला होता. डबा उड्या मारत गेला, बाजूला भरकटला, परत आला. उभ्या माणसाने वाकून तो धरला. आपल्याकडचं टोक मी मागच्या खुंट्याला बांधलं आणि दोर ताणला गेला तेव्हा पाकोळी अशी कण्हली की मी डोळे मिटले.

"डोळे उघड," तू म्हणालास. "माड बघ."

माड हलला. आणखी हलला. मग थांबला.

तीन-साडेतीन तास दोन होड्या दोन नांगरांवर होत्या. मी वीतभर दोर सोडत होते, ते पाणी उपसत होते, तू सुकाणू छातीशी धरून काहीतरी पुटपुटत होतास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, वहिनीने दिलेल्या लाडवांचा डबा पालथा झाला असणार. संध्याकाळच्या आधी वारा उतरला.

किनाऱ्यावर आल्यावर ते दोघे आपल्याकडे आले नाहीत. स्वतःची होडी ओढून दूर वाळूवर बसले. मिऱ्याच्या पलीकडल्या काळबादेवी गावचे भाऊ-भाऊ होते, यशवंत आणि महादेव. महादेव गिरणीतून परत आलेला, समुद्राची सवय मोडलेला, त्याच्या उलट्या थांबत नव्हत्या. तू म्हणालास, "येतो जरा," आणि लंगडत त्यांच्याकडे गेलास. मी लांबून बघत होते. तू काहीतरी बोललास. यशवंत उठून उभा राहिला. तू हात जोडलेस. मला वाटलं, हा कसला माणूस आहे, जीव वाचवून वर हातही हाच जोडतो. परत आलास तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले? "काय म्हणणार," तू म्हणालास, "दमलेत."

मग सात वर्षं मी त्यांच्यावर राग धरला. दोन जीव वाचले आणि घरी एक नारळ घेऊन आले नाहीत. बंदरावर तू दिसलास की यशवंत तोंड फिरवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तुझ्याशी भांडायचे.

"तुला काहीच कसं वाटत नाही रे?"

"असू दे गो."

"असू दे काय? एवढी कृतघ्न माणसं!"

"शाले, त्यांना तसं बोलू नको," तू म्हणायचास. तेवढंच. मी मग बाजारात काळबादेवीच्या बायांकडचे मासे घेणं बंद केलं. तुला ते कळलं तेव्हा तू जेवणावरून उठून गेलास. माशांवरून एवढं काय, असं मला वाटलं.

एकदा तू भिजलेल्या, चिखलाने भरलेल्या कपड्यांनी घरी आलास. वहिनीने विचारलं तर घसरलो म्हणालास आणि आत जाऊन पडून राहिलास. जेवलाही नाहीस.

तुझ्या तेराव्याला ते दोघे आले. महादेवला मी ओळखलंच नाही. तो आता पालीला दुकान चालवतो, अंगाने सुटलाय. यशवंतची दाढी पांढरी झालीय. महादेव म्हणाला, "हा येत नव्हता बाई. मी आणला."

यशवंत पडवीच्या कडेला बसला. पाणी घेतलं नाही. म्हणाला, "माणूस गेला. आता राग ठेवून काय करू? म्हणून आलो."

"राग?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला कसला राग? त्याने तुमचे जीव वाचवले."

"मागाहून वाचवले. त्याचं नाव घेतो मी. पण आधी दोर सोडायला लावला ना. माझा दोर तुमच्या हातात आला व्हता, मी बघितला. तुमी सोडलात. मला वाटलं बाई मानूस, घाबरली. पण तो स्वतः येऊन बोलला."

"काय बोलला?"

"बोलला, बहिणीकडं बघू नका. मीच तिला मागून ओरडलो, सोड म्हणून. माझी होडी जाईल म्हणून मी भ्यालो. शिव्या द्यायच्या त्या मला द्या." यशवंतने खाली बघितलं. "मी दिल्या. गावात सगळ्यांना सांगितलं. जहाजावरचा एवढा मोठा सारंग, आणि बुडणाऱ्याचा दोर सोडतो."

भाई, मी भिंतीला टेकले. वहिनी ताटं घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

तू बघितलं होतंस. मला वाटायचं पावसात तुला दिसलं नाही. सात वर्षं प्रत्येक पाहुण्यासमोर तू "लाट आली" म्हणायचास आणि मी चहाचे कप गोळा करायचे, मनात म्हणायचे, बरं झालं, याला माहीत नाही.

"त्याने तोंडही उघडलं नव्हतं," मी म्हणाले. "दोर मी सोडला. माझ्या मनाने. त्यानेच मला परत बांधायला लावला."

महादेवने हळूच विचारलं, "खरं बाई?"

"खरं."

यशवंतने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तो मला बोलणार, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. पण तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात न घेता.

"माझी होडी मिऱ्याला चिखलात रुतली व्हती," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली आसतील. चार मानसांना निघत नव्हती. हा आला, पँट वर करून, खांदा लावायला. गुडघा तसला. मी बोललो, हात लावू नको माझ्या होडीला. सगळ्यांच्या समोर बोललो. तो मागं सरला नि पडला चिखलात. उचलायला बी कोण गेलं नाय." त्याने नाक पुसलं. "त्यानं सांगायचं ना बाई. तेव्हा तरी सांगायचं."

वहिनी ताटं खाली ठेवून त्याच्या शेजारी बसली. "मलाही सांगितलं नाही हो त्यांनी," ती म्हणाली.

ते दोघे जेवून गेले. त्यानंतर चार दिवस मी काही केलं नाही. तुझी खोली झाडली, तुझे कपडे वाळत घातले आणि पुन्हा काढून आणले. तू हे का केलंस याची उत्तरं शोधली. बाईमाणूस, मास्तरीण, गावात नाव खराब होईल म्हणून? की मी पुन्हा कधी होडीत पाय ठेवणार नाही म्हणून? त्यानंतरही आपण सात उन्हाळे फिरलो, हर्णैपर्यंत गेलो, विजयदुर्गापर्यंत गेलो, नांगर प्रत्येक वेळी मीच टाकला. ते उन्हाळे मला मिळाले ते तू गप्प बसलास म्हणून, हे मला कळतं. त्यासाठी मी तुझ्या पाया पडेन. आणि त्याच वेळी तुझे खांदे धरून तुला गदागदा हलवावंसं वाटतं. एकदा विचारायचंस मला. कुठेही, स्टोव्हवर चहा ठेवताना, सहज. मी कबूल केलं असतं की नाही, कोण जाणे. पण विचारायचंस.

काल सकाळच्या एस.टी.ने मी काळबादेवीला गेले. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायचं काम चालू होतं, सगळी माणसं किनाऱ्यावर होती. यशवंतने मला बघितलं आणि हातातला दोर खाली ठेवला. "कशाला आलात बाई? मी सांगितलंय सगळ्यांना."

"तुम्ही सांगितलंत," मी म्हटलं. "मी नाही सांगितलं."

वर्गात बोलते तशा आवाजात बोलायचं ठरवून गेले होते, पण तो आवाज आला नाही. तरी सांगितलं. की माझ्या भावाने कधी कुणाचा दोर सोडला नाही. सोडला तो मी. त्याने आपल्या अंगावर घेतलं आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. एक जण उठून निघून गेला, मला वाटतं त्याला राग आला, आणि तो यायलाच हवा होता. टोपलीपाशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "उन्हात उभी राव नको बाय, इकडं बस." मी तिच्या शेजारी बसले. तिने पुढे काही विचारलं नाही. समोर होड्या एकेक करून वर येत होत्या.

तुला हे आवडलेलं नसणार. तू कपाळाला आठ्या घालून म्हणशील, कशाला गेलीस गो, मिटलं होतं ना. नाही भाई, मिटलं नव्हतं. ते तू उचलून चालला होतास, दुखऱ्या गुडघ्याने, सात वर्षं. आता मी एकेचाळीस वर्षांची आहे. माझं मला सोसू दे.